बिब्ब्याच्या पोटातली गोडंबी

जुळत आलेली सोयरीक कुणाच्या एका वाक्याने फिसकटली, की त्याने 'बिब्बा घातला' असे आपण सहज म्हणून जातो. मात्र तीच सोयरीक पार पडून घरात पाळणा हलला, तर बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत जी गोडंबी पडते, ती त्याच बिब्ब्याच्या पोटातून निघालेली असते, हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही नसते.

बिब्ब्याचा धाक खोटा नाही. त्याच्या काळ्याभोर कवचात दाट, चिकट तेल असते आणि ते अंगाला लागले, की कातडी लाल होऊन टरारून फोड येतात. वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्याला 'बिबा उतला' म्हणतात. आजोबा टाचेच्या भेगांसाठी बिबा सुईला टोचून दिव्यावर धरत आणि त्याचे गरम तेल भेगेत सोडत. सहावीत असताना तोच बिबा मी नसत्या हौसेने मुठीत धरला आणि पुढचे आठ दिवस सुजलेल्या हाताला खोबरेल तेल माखून वर्गात बसलो. हे झाड आंब्याच्या आणि काजूच्या भाऊबंदांपैकी आहे. काजूच्या टरफलातही असेच भाजणारे तेल असते, पण काजूवर असा वाक्प्रचार रचायचे कुणाला सुचले नाही. काजू महाग म्हणून असेल.

बिब्ब्याचा डाग धुऊन जात नाही, हा त्याचा दोष धोब्यांनी कामाला लावला आणि चुन्याची जोड देऊन त्याच तेलाने कपड्यांवर खुणा केल्या. त्याच्या 'सेमेकार्पस' या शास्त्रीय नावाचा ग्रीक अर्थही खुणेचे फळ असाच आहे. आयुर्वेदात तो भल्लातक आहे. तिथेही विटेच्या चुऱ्यात घोळून शुद्ध केल्यावाचून त्याला औषधात घेत नाहीत.

गोडंबी मात्र आयती हाती येत नाही. हिवाळ्यात पिकलेल्या फळाचा केशरी, मांसल भाग खाल्ला जातो, पण खालचे काळे बी वाळवून एकेक करून दगडावर फोडावे लागते. जोराचा घाव बसला तर आतला पांढरा गर चुरडतो, हलका बसला तर कवच नुसतेच तेल सोडते. मागच्या वर्षी ओसरीत बिबे फोडत बसलेल्या एका काकूंचे हात मी जवळून पाहिले. राख चोळूनही बोटांच्या पेरांत काळे भरलेले होते आणि नखांची कड कुठे संपते ते कळत नव्हते. "हे काळं काही जात नाही, बापू, संगंच जाईन," असे म्हणून त्या हसल्या. मग त्यांनी सुपातली एक अखंड गोडंबी कागदाच्या तुकड्यावर ठेवून माझ्यापुढे केली. आपला हात माझ्या हाताला लागू नये, एवढी काळजी त्यांनी घेतली होती.