राघूच्या भरलेल्या मांड्या

हिंदमाताला पाणी भरलं की दादर पूर्वेच्या माझ्या दवाखान्यात शुकशुकाट असतो. जुलैतला तो दिवसही तसाच होता. सकाळपासून एक मांजर तेवढं येऊन गेलं होतं. साडेअकराच्या सुमारास जिन्यात चपला चपचपल्या आणि सत्तरीच्या एक आजी वर आल्या. नऊवारी वर खोचलेली, गुडघ्यापर्यंत भिजलेल्या. मागे कॉलेजात जाणारा नातू, छातीशी धुण्याची प्लॅस्टिकची बास्केट घट्ट धरलेली. लालबागहून पाण्यातून चालत आले होते; टॅक्सीवाले यायला तयार नव्हते.

“डॉक्टरीणबाई, आमचा राघू चार दिवस जेवला नाही हो.”

मला वाटलं पोपट असणार. टॉवेल बाजूला केला तर आत हिरवा इग्वाना, सरड्याच्या जातीचा. शेपटीसकट साडेतीन फुटांचा, पण पोट तळाला टेकवून पसरलेला. धडधाकट इग्वाना टेबलावर ठेवला की पुढचे पाय ताठ करून मान वर काढतो, अनोळखी माणसाकडे रोखून बघतो, चिडला तर शेपटीचा फटका देतो. राघूने नुसते डोळे उघडले. मागच्या पायाची बोटं मात्र थरथरत होती, थांबत होती, पुन्हा थरथरत होती.

आजी अभिमानाने म्हणाल्या, “मांड्या बघा कशा भरल्यात. खाण्याची आबाळ नाही केली हो मी त्याची.”

माझ्या पोटात गोळा आला. मांड्या खरंच भरल्या होत्या, पण ते मांस नव्हतं. रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून उपसतं, कारण हृदय आणि स्नायू त्याच्यावाचून चालत नाहीत. हाड पोकळ होत जातं आणि त्या कमकुवत हाडाला आधार म्हणून भोवती तंतुमय ऊती साचते. हात लावला तर मांडी टणक लागते. घरच्यांना वाटतं, जनावर पोसलंय. मी अंगठ्याने खालचा जबडा अलगद दाबला. तो वाकला, जाड पुठ्ठा वाकावा तसा.

कॉलेजात असताना गोरेगावच्या एका गोठ्यात व्यायलेली म्हैस मी बघितली होती, दुग्धज्वर झालेली. रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरलं होतं आणि ती बसली ती उठेना. सरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं, थोड्या वेळाने ती उभी राहिली. त्या दिवशी मला वाटलं होतं, या धंद्यात याहून मोठा आनंद नाही. इग्वानाचं तसं नसतं. त्याच्या रक्तातली तूट इंजेक्शनने भरते, पण महिनोन्‌महिने रिकामी होत गेलेली हाडं भरायलाही महिनेच लागतात.

हे मी एका चुकीतून शिकले. बऱ्याच वर्षांपूर्वी असाच एक इग्वाना आला होता. मी कॅल्शियमची पूड लिहून दिली, आहार सांगितला आणि तो ठेवतात कुठे हे विचारलंच नाही. तीन आठवड्यांनी तो माझ्याच टेबलावर गेला. तेव्हापासून काय खातो, ऊन कुठून मिळतं आणि खोलीत ऊब किती, हे तिन्ही विचारल्याशिवाय मी औषधाला हात लावत नाही.

एक्स-रे काढला. नातू माझ्या शेजारी उभा राहून पडद्याकडे बघत होता. हाडं पांढरी दिसायला हवीत. राघूची पुसट पेन्सिलीने काढल्यासारखी होती, आणि डाव्या मांडीचं हाड मधोमध मोडलेलं. “पडला होता का?” “नाही हो. सोफ्यावरून उतरला फक्त.” एवढंही पुरलं होतं.

मग आजींनी पिशवीतून डबा काढला. त्याला भूक लागली तर असावं म्हणून घरून आणलेला. चिरलेला पालक, उकडलेलं अंडं, मोडाचे मूग आणि केळ्याचे काप. सगळं ताजं, स्वच्छ, एखाद्या लेकराला द्यावं तसं बारीक केलेलं. तो डबा बघून मला रागावता येईना.

इग्वाना पानं खाणारा प्राणी आहे, मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या झाडांवर राहणारा. त्याच्या मोठ्या आतड्यात जिवाणू असतात, ते पाला आंबवून पचवतात. हे जिवाणू मिळावेत म्हणून रानातली पिल्लं मोठ्यांची विष्ठासुद्धा खातात. अंड्यासारखी प्राण्यांची प्रथिनं अशा शरीराला झेपत नाहीत. मूत्रपिंडावर ताण येतो, युरिक आम्ल साठतं. त्याच्या खाण्यात फॉस्फरसच्या दुप्पट कॅल्शियम हवं. केळ्यात नेमकं उलटं, फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ चौपट. मूगही त्याच वाटेचे. आणि पालक? “लोह असतं ना त्यात?” आजींनी विचारलं. असतं. पण त्यातलं ऑक्सॅलेट कॅल्शियमला धरून ठेवतं आणि पोटातून तसंच बाहेर नेतं. पालक म्हणजे पाला, मग चालेलच, असं भल्याभल्यांना वाटतं.

अंडी कुणी सुचवली हे मी विचारलं नाही. नातवाने मान खाली घातली तेवढ्यावर कळलं. व्यायामशाळेत प्रोटीनचं ऐकलं होतं, राघूचंही अंग भरावं असं वाटलं.

तरी माझा हिशेब जुळत नव्हता. राघू पावणेदोन वर्षांचा, आणि पहिलं वर्ष तो उत्तम वाढला होता. नातवाच्या फोनमधल्या जुन्या फोटोंत मान ताठ, रंग तजेलदार. मध्येच काय बदललं? उत्तर आजींनी बोलता बोलता दिलं. त्यांची चाळ पाडून टॉवर झाला. टॉवर होईपर्यंत ते जवळच्याच एका चाळीत भाड्याने राहिले. तिथे समोर गॅलरी होती. सकाळी राघू कठड्यावर उन्हात पडायचा आणि आजींनी डालड्याच्या डब्यांत लावलेली जास्वंद पानाफुलांसकट ओरबाडायचा. “देवाला फूल ठेवायचा नाही मेला,” त्या म्हणाल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दिवाळीत चौदाव्या मजल्यावर राहायला गेले. गॅलरी नाही, डबे नाहीत. हॉलला भिंतभर काच. राघू दिवसभर त्या काचेशी उन्हात बसायचा.

तिथेच घात झाला. काचेतून उजेड येतो, ऊबही येते, पण उन्हातल्या ज्या किरणांमुळे कातडीत डी-3 जीवनसत्त्व तयार होतं ते अतिनील किरण काच अडवते. डी-3 नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम आतड्यातून रक्तात पोचत नाही. राघू नऊ महिने उन्हात बसून उन्हावाचून राहिला. त्यात रात्रभर एसी. अंग गार पडलं की आतड्यातले जिवाणू मंदावतात, पाला तसाच पडून राहतो. त्याला एका कोपऱ्यात पस्तीस अंशांच्या आसपास ऊब हवी आणि दुसऱ्या बाजूला थोडा गारवा, म्हणजे तो आपापलं ठरवतो.

त्याला दिव्याखाली ऊब दिली, सलाइन दिलं, कॅल्शियम ग्लुकोनेट हळूहळू, ठोके मोजत. रक्त तपासायला पाठवलं. दीडेक तासाने बोटांची थरथर थांबली.

तेवढ्यात आजींनी प्रश्नांची सरबत्ती लावली. नाचणीत कॅल्शियम असतं, सत्त्व करून घालू? नको, धान्य त्याचं अन्न नाही. चुका, माठ? त्यांतही ऑक्सॅलेट. अळू? अळू तर अजिबात नको. नाकातून पांढरी पूड शिंकतो, सर्दी झाली का? नाही, ते जादा मीठ आहे, तो नाकावाटे बाहेर टाकतो. मग घालू तरी काय, असं त्यांनी जवळजवळ रडवेल्या सुरात विचारलं.

“शेवग्याचा पाला,” मी म्हणाले. “जास्वंदीची पानं, फुलं. तुतीचा पाला. थोडी फरसबी, लाल भोपळा किसून. कधीतरी अंजिराचा तुकडा.”

आजी माझ्याकडे बघतच राहिल्या. “सुनेच्या बाळंतपणात मी रोज शेवग्याच्या पाल्याची भाजी करत होते. दूध यावं म्हणून, हाडं भरावी म्हणून. या मुक्या जिवाला तेच हवं होतं होय?”

आमच्या इमारतीच्या मागे शेवगा आहे. त्या पावसात त्याची एक फांदी मोडून लोंबत होती. आजींनी नातवाला खाली पिटाळलं, वॉचमनने फांदी तोडून दिली. आजींनी ती नळाखाली तीनदा धुतली, पदराने टिपली आणि स्टुलावर बसून पानं ओरपली. मऊ पडलेला जबडा, त्याला फाडून खाता येणार नाही, म्हणून बोटांनी चुरून नखाएवढी केली. पहिली चिमूट राघूने नुसती हुंगली. दुसऱ्यांदा गुलाबी जाड जीभ बाहेर आली, पान तिला चिकटलं आणि आत गेलं. खोलीत कुणी बोललं नाही. आजी एकेक चिमूट पुढे करत राहिल्या.

नातवाला मी बाकीचं वहीत लिहून दिलं: फॉस्फरस नसलेली कॅल्शियमची पूड, अतिनील किरणांची ट्यूब, आणि ती दिसायला पेटती असली तरी वर्षाच्या आत बदलायची, कारण उजेड राहतो नि ते किरण आटतात. पाऊस उघडला की सकाळी गच्चीवर, पण काचेच्या पेटीत घालून कधीच नाही. तासाभरात भाजून निघेल. सावलीचा आडोसा हवाच. राघूची नोंदणी झालेली नव्हती, तेही सांगितलं. वन्यजीव कायद्यातल्या 2022 च्या दुरुस्तीनंतर आणि 2024 च्या नियमांनुसार इग्वाना पाळणाऱ्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते.

रक्ताचा अहवाल दुसऱ्या दिवशी आला. युरिक आम्ल वाढलेलं होतं, पण मूत्रपिंडं गेली नव्हती. मांडीचं हाड वाकडं जुळलं. जबडा आता कडक आहे, किंचित आखूड राहिला आहे, तसाच राहील.

उरलेली फांदी आजी त्या दिवशी घरी घेऊन गेल्या. शेवग्याची फांदी मातीत खोचली की धरते, हे मला नव्हे, त्यांना ठाऊक होतं. सोसायटीच्या सेक्रेटरींशी दोन आठवडे वाद घालून त्यांनी गच्चीवर दोन ड्रम ठेवले, एकात शेवगा, दुसऱ्यात जास्वंद. नोव्हेंबरात तपासणीला आल्या तेव्हा शेवग्याला हातभर फुटवे आले होते. जास्वंदीला कळी धरली आहे, म्हणाल्या, पण देवासाठी आता हार बाजारातूनच आणते.