तुम्ही विचारलंत म्हणून: ते लाकडी तुकडे जमिनीवर का टाकतात?

तैवानची राजधानी तैपेई इथलं लोंगशान देऊळ पाहून आलेली मंडळी हमखास विचारतात, की देवापुढे ते दोन लाकडी तुकडे लोक पुन्हा पुन्हा का टाकतात? कोकणातल्या माणसाला एवढंच सांगितलं तरी पुरतं: कौल लावतात.

चीनच्या फूच्येन प्रांतातून आलेल्या लोकांनी १७३८ साली बांधलेलं हे करुणेच्या देवीचं, ग्वानयिनचं देऊळ. तुकड्यांना ज्याओबेई म्हणतात. आकार चंद्रकोरीचा, एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. गुडघे टेकून, दोन्ही तुकडे ओंजळीत धरून नाव, जन्मतारीख, पत्ता सांगायचा आणि प्रश्न विचारून ते सोडायचे. एक सपाट, एक फुगीर वर आलं की होकार. दोन्ही फुगीर वर, नकार. दोन्ही सपाट वर आले तर देव हसला, म्हणजे प्रश्न नीट मांडा. चूक बहुतेकदा तिथेच होते. ‘नोकरी सोडू की गावी जाऊ?’ याला हो-नाही उत्तर कसं येणार? उंचावरून टाकले तर तुकडे घरंगळत भलत्याच्याच पायाशी जातात, तेही टाळावं.

देवाच्या उत्तराची चिठ्ठी काढायची तर आधी तिच्या क्रमांकाची काडी उचलायची आणि ‘हीच का?’ म्हणून सलग तीन होकार मिळवायचे. मध्येच नकार आला की काडी परत ठेवून दुसरी. तीन होकार आठांत एकदाच लागतात, म्हणून माणसं इतका वेळ तिथे खोळंबलेली दिसतात.

पण कौलाचं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम तैवानच्या लहान गावांतल्या देवळांत दिसतं. देवाच्या उत्सवाचा त्या वर्षीचा यजमान, म्हणजे लूझू, अनेक ठिकाणी असाच ठरतो. एकेका घराचं नाव पुकारून तुकडे टाकतात, होकार तुटेपर्यंत मोजतात. ज्याचे सलग होकार सर्वांत जास्त, तो लूझू. त्याच्या मागचे त्याचे मदतनीस. शंभर घरांत सहा-सात होकारांचं एखादं घर बहुधा निघतंच. पैसेवाल्याला किंवा बोलघेवड्याला इथे वेगळा भाव मिळत नाही, आणि मागे राहिलेल्याला अपमान वाटत नाही.

मान मोठा, तसं कामही. माणशी वर्गणी गोळा करायची, देवाच्या वाढदिवसाचं जेवण आणि नाटक ठरवायचं, हिशेब लाल कागदावर लिहून भिंतीला लावायचा. देवाचं धूपपात्र वर्षभर लूझूच्या घरी राहतं. पुढचा लूझू ठरला, की ते ढोल-झांजा वाजवत त्याच्या दारी पोचवतात.