ओलेसुंद : आगीने घडवलेले शहर

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरील ओलेसुंदपर्यंत रेल्वे जात नाही. ऑस्लोहून निघालेल्या प्रवाशाने डोंबोसला गाडी बदलून ऑन्दाल्सनेस गाठायचे आणि पुढचा प्रवास बसने करायचा. रौमा नदीच्या खोऱ्यातून उतरणारा तो लोहमार्ग मात्र इतका देखणा आहे की या खटाटोपाबद्दल तक्रार करवत नाही. आम्ही जूनमध्ये तेथे उतरलो तेव्हा रात्रीचे दहा वाजून गेले होते, तरीही इमारतींचे पिवळे, गुलाबी, फिकट हिरवे रंग स्पष्ट दिसावेत इतका उजेड होता.

पहिल्याच फेरफटक्यात जाणवते ती येथील इमारतींची एकजिनसी शैली. टोकदार मनोरे, वळणदार खिडक्या, दारांवर कोरलेली पाने-फुले आणि मधूनच डोकावणारे चेहरे हे सारे एकाच काळात घडल्यासारखे वाटते, आणि ते खरोखरच तसे घडले आहे. २३ जानेवारी १९०४ च्या पहाटे एका डबाबंद मासळीच्या कारखान्यात लागलेली आग वादळी वाऱ्यामुळे लाकडी घरांच्या दाट वस्तीत पसरली. सुमारे ८५० घरे भस्मसात झाली आणि ऐन हिवाळ्यात जवळपास १०,००० लोक उघड्यावर आले. तरीही बळी केवळ एका वृद्ध स्त्रीचा गेला, हे आजही आश्चर्याचे वाटते.

जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म उन्हाळ्यात नॉर्वेच्या फ्योर्डांमध्ये, म्हणजे डोंगरांमध्ये खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमध्ये, विहार करीत असे. आगीची वार्ता कळताच त्याने मदतीची जहाजे धाडली. शहराने एका रस्त्याला त्याचे नाव दिले आणि पुढे दोन महायुद्धे होऊन गेली तरी ते बदलले नाही. पर्यटकांना ही गोष्ट हमखास सांगितली जाते, परंतु माझ्या मते शहराच्या रूपाचे श्रेय सम्राटापेक्षा कायद्याला आणि मंदीला अधिक जाते. आगीनंतर शहरात दगड-विटांचे बांधकाम सक्तीचे झाले. शिवाय १८९९ मध्ये राजधानीतील, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियातील, बांधकाम व्यवसाय कोसळल्यामुळे अनेक वास्तुविशारद आणि गवंडी कामाच्या शोधातच होते. ही तरुण नॉर्वेजियन मंडळी, ज्यांच्यापैकी कित्येकांचे शिक्षण जर्मनीत झाले होते, त्या वेळी नवी असलेली, वळणदार रेषा आणि पाना-फुलांच्या नक्षीची युगेंडस्टिल शैली घेऊन येथे आली आणि १९०७ पर्यंत शहराचा मोठा भाग उभा राहिला. घाईचे काम ओबडधोबड होते हा आपला अनुभव येथे साफ खोटा ठरतो.

या शैलीचा अंतर्भाग पाहायचा असेल तर वास्तुविशारद हागबार्थ शिट्टे-बर्ग यांनी बांधलेल्या जुन्या औषधालयात जावे. तेथे आता युगेंडस्टिलचे संग्रहालय आहे. औषधालयाची मूळ लाकडी मांडणी आणि वरच्या मजल्यावरील मालकाचे भोजनगृह मी बराच वेळ न्याहाळत राहिलो. आक्सला टेकडीच्या ४१८ पायऱ्या चढून बेटांवर पसरलेले शहर पाहणे हा सर्वांचाच कार्यक्रम असतो. दृश्य सुंदर आहेच, पण मोठी पर्यटक जहाजे बंदरात असताना तेथे गर्दी फार होते.

मला अधिक रमवले ते ब्रोसुंदेत या खाडीने. दोन्ही काठांवरची गोदामे थेट पाण्यातून वर आलेली आहेत, कारण मासळीची चढउतार बोटीतूनच होत असे. आता त्यांतील बऱ्याच ठिकाणी हॉटेले आणि उपाहारगृहे आहेत. शहराची संपत्ती मात्र मासळीतूनच आली. कॉड मासा चिरून, मिठात मुरवून पूर्वी खडकांवर वाळवीत आणि पोर्तुगाल, स्पेन, ब्राझीलकडे पाठवीत. ही निर्यात आजही चालू आहे. कोकणात सुकी मासळी पावसाळ्याची बेगमी असते, तशी येथे ती मुख्यतः परदेशी गिऱ्हाइकासाठी तयार होत असे. व्यापाराच्या उलट वाटेने आलेला बाकालाओ, म्हणजे हाच मासा टोमॅटो, कांदा, बटाटा आणि ऑलिव्ह तेलात शिजवलेला, येथे घरचाच पदार्थ झाला आहे. आम्ही तो खाल्ला; महाग होता, पण चवीला उत्तम, आणि त्याच्या रश्श्यासोबत भाताची आठवण अनिवार झाली.

आगीतून वाचलेले जुने ओलेसुंद पाहण्यासाठी मोलोवेगेन या रस्त्याने जावे. तेथे १८६१ च्या होल्मबुआ या लाकडी गोदामात मत्स्यव्यवसायाचे संग्रहालय आहे आणि मासळी खारवण्या-वाळवण्याची सारी पद्धत तेथे नीट समजते. मनोऱ्यांची छायाचित्रे काढून परतणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिकडे वळतात.