सात वाजल्यानंतर काय?

ठाण्यात राहणाऱ्याला समुद्र जवळ, असं बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं. आमच्या वाट्याला खाडी आली आहे, आणि संध्याकाळी तलावपाळीचा वारा. समुद्र हवा तर गाडी काढायची, आणि जोडून सुट्टी असली की अख्खं ठाणं अलिबागच्या वाटेवर वडखळच्या वाहतूककोंडीत एकमेकांना भेटतं.

मागच्या वेळी 26 जानेवारीला जोडून आम्ही अलिबागच्या बाजूला गेलो होतो. किनाऱ्यावर घोडागाड्या, वाळूत घुमणाऱ्या चारचाकी मोटारसायकली, रात्री शेजारच्या आवारात डीजे. सासूबाई तीन दिवस गॅलरीत बसून होत्या. परतताना एवढंच म्हणाल्या, "यापेक्षा तलावपाळीला भेळ खाल्ली असती." म्हणून यंदा गाव निवडायचं काम मी मनावर घेतलं.

आम्ही चौघं. नवऱ्याला झोप हवी होती, मुलाला स्कूबा. सासूबाई निवृत्त मराठी शिक्षिका, त्यांना 'काहीतरी बघण्यासारखं', पण गुडघे दुखतात म्हणून चढ-उतार नको. मला स्वयंपाक नको होता. तो मुद्दा मी सुरुवातीलाच निकालात काढला.

पहिले दहा दिवस मी सगळ्यांसारखी मोबाइलवर फोटो बघत बसले. फोटोत प्रत्येक गाव सारखंच दिसतं: वाळू, सुरूची झाडं, सूर्यास्त. मग मी गावं गुडघ्यांच्या हिशेबाने चाळली. मुरूडला जंजिऱ्यात उतरायचं तर होडीतून पायऱ्यांवर जवळजवळ खेचूनच घेतात, निदान मी गेले होते तेव्हा तरी. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांमधून जाते, शिवाय भरती असेल तर वाटच बंद. दिवेआगर सपाट आणि शांत. तिथे 1997 साली पोफळीच्या बागेत सोन्याचा गणपती सापडला, 2012मध्ये दरोडा पडून तो गेला, आणि परत मिळालेल्या सोन्याची मूर्ती 2021मध्ये पुन्हा बसली. ही गोष्ट मुलाला भलतीच आवडली. पण म्हणाला, "आई, दर्शन अर्ध्या तासात होईल. पुढचे तीन दिवस?"

प्रश्न बरोबर होता. मागच्या वेळी आमची सहल बिघडली ती दिवसा नव्हे, दिवेलागणीनंतर. किनारा काळोखात गेला की पाहुण्याने करायचं काय, याचं उत्तर ज्या गावाकडे नसतं, तिथे मग डीजे येतो. तेव्हापासून मी राहण्याच्या प्रत्येक ठिकाणी फोन करून दोनच प्रश्न विचारू लागले: खोलीपर्यंत पायऱ्या किती, आणि संध्याकाळी सातनंतर तुमच्या गावात काय असतं?

दुसऱ्या प्रश्नावर बहुतेकजण गोंधळत. कोणी "बार्बेक्यू आहे" म्हणालं, कोणी "वायफाय". गुहागरच्या एका आजींचं उत्तर मात्र अजून आठवतं: "सातनंतर जेवण, आठला झोप. पाटावर दुसरं काय असतं?" पाट म्हणजे तिथली वस्ती. गुहागरवर माझा जीव आहे. रस्त्याला लागून घर, मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीच्या टोकाला समुद्र, आणि गावाच्या मध्यभागी व्याडेश्वर. एकटी जाणार असते तर पुढचा एकही फोन केला नसता. नवरा तर आठच्या झोपेवर खूशच होता.

सासूबाईंचा कल गणपतीपुळ्याकडे होता, कारण शेजारीच मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, तिथे त्यांचं स्मारक आहे. जवळजवळ ठरलंच होतं. इतक्यात लिफ्टमध्ये वरच्या मजल्यावरच्या काकू भेटल्या. माहेर कुडाळचं. मी माझी व्यथा सांगितली, तर त्या म्हणाल्या, "समुद्र बघूक जातास काय माणसां बघूक? माणसां बघूची असतत तर जत्रेक जा."

दक्षिण कोकणात कार्तिकापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि जत्रेत रात्रभर दशावतारी नाटक असतं, हे मला ऐकून माहीत होतं. पण ते पाहुण्याने ठरवून जाऊन बघायचं असतं, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. या जत्रा तिथीवर चालतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात मोठ्या तेवढ्या सापडतात, बाकीच्या गावालाच विचाराव्या लागतात. वेंगुर्ल्यात घरगुती खोल्या देणाऱ्या एका दादांना मी माझे दोन प्रश्न विचारले. "पायऱ्या दोन. आणि सातनंतर म्हणता? कधीचे येतात त्यावर आहे. थांबा, पंचांग आणतो." फोन हातात धरून मी हसले आणि मनात गाव पक्कं केलं.

मालवणचं काय, असा मुलाचा सवाल. तिथे सिंधुदुर्ग किल्ला, तिथेच स्कूबा. पण नाताळ ते नववर्ष तिथली गर्दी ऐकून होते. एक दिवस मालवण करायचं, मुक्काम वेंगुर्ल्यात, यावर तह झाला. सासूबाईंना मी शिरोडं दाखवून पटवलं. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 तिथल्या शाळेत शिकवत होते, आणि 1930चा मिठाचा सत्याग्रह तिथल्या मिठागरांवर झाला. "मालगुंड गेलं, पण शिरोडं आलं," म्हणाल्या. पुढची अट त्यांनी घातली ती मासळीसाठी: मार्गशीर्षात त्या मासे खात नाहीत, आणि वेंगुर्ल्याला जाऊन बांगडा न खाणं हा त्यांच्या मते गुन्हा. दादांनी पौषातली एक जत्रा काढून दिली. गर्दीही तोवर ओसरलेली.

उरलं तिकीट. आरक्षण पूर्वी 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024पासून ते 60 दिवसांवर आलं. साठाव्या दिवशी सकाळी आठला मी लॅपटॉप उघडून बसले आणि तुतारी एक्स्प्रेसची चार तिकिटं पटकावली. शुक्रवारी रात्री निघायचं म्हणून शुक्रवारची. संध्याकाळी मुलाने बघितलं: "अगं, ही दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते. म्हणजे शुक्रवारची गाडी गुरुवारी रात्रीच पकडायची!" तिकिटं रद्द केली, थोडे पैसे गेले. शनिवारची तारीख दुसऱ्या सकाळी आठला उघडणारच होती, म्हणून निभावलं. नवरा आजही पाहुण्यांना हा किस्सा सांगतो. ठाण्याच्या फलाटावर कुडकुडत असताना सासूबाईंना एकदम आठवलं की गाडीचं नावही केशवसुतांच्या कवितेवरूनच आहे. मालगुंड त्यांनी तेवढ्यावर माफ केलं.

वेंगुर्ल्यात आम्ही सकाळी मासळीबाजार करायचो, दुपारी झोपायचो. आरवलीला वेतोबासमोर भक्तांनी वाहिलेल्या भल्यामोठ्या चपला बघून मुलाने आपलं पाऊल शेजारी ठेवून मापलं आणि आजीचा ओरडा खाल्ला.

जत्रेच्या रात्री पालखीची प्रदक्षिणा होईतो बारा वाजून गेले होते. देवळामागे कलाकार पेटाऱ्यापाशी बसून, हातात लहानसा आरसा धरून, स्वतःच रंग लावत होते. साडी नेसून तयार झालेली राणी मिशा काढलेल्या ओठांनी विडी ओढत होती. काळा संकासुर राक्षस मालवणीत लोकांची टर उडवत शिरला तेव्हा आम्हाला अर्धं कळलं, तरी पोट धरून हसलो. मग आख्यान लागलं. लिहिलेली संहिता नसते, कथा ठरवून जागेवर संवाद म्हणतात, हे कळल्यावर सासूबाई खुर्ची पुढे ओढून बसल्या. राजाच्या एका लांबलचक वाक्याचं क्रियापद शेवटी नीट जुळलं, तेव्हा त्यांनी वर्गात देतात तशी मान हलवली.

तीन वाजता मी म्हटलं, "आई, निघू या का? गुडघे?"

"शेवटचा दहीकाला झाल्याशिवाय नाही," त्या शाल घट्ट करत म्हणाल्या. "तू जाऊन गरम भजी आण. आणि खाजं बघ, ताजं असेल तरच."

रिक्षावाले दादा मागच्या सीटवर पाय दुमडून झोपले होते. नवरा त्यांच्याच रिक्षात पुढे बसून घोरत होता.