गोलाकार पडलेला बर्फ

एप्रिलच्या मध्यावरची गोष्ट. रात्रभर वादळ झालं होतं. कोलोरॅडोतल्या सॅन लुईस खोऱ्यात, अलामोसाच्या ऑफिसात, सकाळी कॉफीही न घेता मी स्क्रीनसमोर बसले, तर रडारच्या नकाशावर कोनेहोस नदीकडचा पायथा लालभडक. इतका बर्फ तिथे अख्ख्या हिवाळ्यात पडला नव्हता. खरं सांगायचं तर आनंदच झाला. कोरड्या वर्षात असा लाल रंग दिसला की आधी डोळे खूश होतात, डोकं नंतर चालतं.

नदीत पुढे किती पाणी येणार हे डोंगरावरच्या बर्फावरून आधीच सांगायचं, हे आमचं काम. त्यासाठी डोंगरात ठिकठिकाणी 'स्नोपिलो' आहेत. जमिनीवर पसरलेली, न गोठणाऱ्या द्रवाने भरलेली मोठी उशी; वर बर्फ साचला की तिच्यावर दाब पडतो आणि बर्फात पाणी किती ते कळतं. पण एवढ्या मोठ्या डोंगररांगेत अशा उश्या मोजक्याच, आणि मधल्या जागेचं काय? तिथे रडार हवं. प्वेब्लोचं मोठं रडार सांग्रे दे क्रिस्तोच्या रांगेपलीकडे आहे आणि मध्ये सुमारे ४,३७० मीटरचं ब्लांका शिखर उभं. ग्रँड जंक्शनचं रडार दूर. शिवाय किरण अर्ध्या अंशावर सोडला तरी १०० किलोमीटरवर तो रडारपेक्षा जवळपास दीड किलोमीटर उंचावरून जातो. त्याच्या खाली काय पडतंय ते त्याला दिसतच नाही. म्हणून खोऱ्यातच बसवलेल्या छोट्या रडारवर आमची सगळी भिस्त.

अंदाज चुकला तर काय, असं घरचे विचारतात. कोनेहोस ज्या मोठ्या नदीला मिळते, त्या रिओ ग्रांदेच्या पाणीवाटपाचा १९३८ सालचा करार आहे. नदीला पाणी जितकं जास्त, तितका खालच्या न्यू मेक्सिको आणि टेक्साससाठी सोडायचा वाटाही वाढत जातो. म्हणजे मी आकडा फुगवला, तर इथल्या बटाटा-बार्लीवाल्यांचे पाट वसंतातच आवळले जाणार, न आलेल्या पाण्यापायी. मी पैठणची. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडायचं की नाही, यावरची भांडणं ऐकतच मोठी झाले. इथे मात्र वरच्या बाजूला बसते, आणि खालच्यांचा राग मला चांगला ठाऊक आहे.

दुपारच्या बैठकीसाठी आकडा हवा होता. मी तो काढला, एकाला सांगूनही टाकला, मेलमध्ये घातला, पाठवणार तेवढ्यात फोन वाजला. बर्फात नळी खुपसून तो मोजायला डोंगरात गेलेले आमचे म्हातारे सहकारी. त्यांच्या घराण्याचा पाट इथे पिढ्यान्‌पिढ्या आहे. मनातल्या मनात मी त्यांना काका म्हणते.

"कुठाय गं तुझा बर्फ? इथे माझे बूट चिखलात रुतलेत. नळीत दोन बोटंही वाढ नाही."

मी म्हटलं, "रडारवर तर लाल दिसतंय."

"मग रडारलाच सांग, ये इथे फावडं घेऊन."

फोन ठेवून नकाशा पुन्हा बघितला, या वेळी रंग सोडून आकार. लाल पट्टा डोंगराच्या वळणांनी जात नव्हता. रडारला मध्यभागी धरून कंपासने काढावा तसा कंस होता तो. बर्फ असा गोल काढून कधी पडतो का?

मग सगळं उलगडलं. वादळ उबदार होतं. बर्फाचे कण खाली येताना ज्या उंचीवर वितळायला लागतात, तिथे प्रत्येक कणावर पाण्याचा पातळ थर चढतो आणि रडारला तो कण पाण्याचा टपोरा थेंब वाटतो. किरण चढत चढत सगळ्या दिशांना साधारण सारख्याच अंतरावर त्या थरात शिरतो, म्हणून कंस. रडारकडे परत येणारा प्रतिध्वनी १० डेसिबलने वाढला, तर आमच्या सूत्रात बर्फ तिपटीहून जास्त निघतो. रडार आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही लहरींनी बघतं, त्या दुहेरी ध्रुवणाच्या आलेखात त्याच पट्ट्यात कणांच्या एकसारखेपणाची खूण घसरलेली होती, म्हणजे तिथे वितळते-न वितळलेले कण मिसळलेले होते. सकाळपासून ती माझ्यासमोरच होती; मी तो आलेख उघडलाच नव्हता.

तो पट्टा काढून टाकला. पण काम तेवढ्यावर संपलं नाही. वर कुंब्रेस खिंडीकडे, जिथे रडार फिकट निळं दाखवत होतं, तिथली उशी नकाशापेक्षा बरीच जड झाली होती. कोरडा बर्फ पाण्याच्या मानाने फारच कमी प्रतिध्वनी देतो. एकाच वादळात, एकाच नकाशावर, खाली फुगवटा आणि वर तूट. आणि प्रतिध्वनीवरून बर्फ काढायला दोन्हींना एकच गुणक लावून मी बसले होते. उंचीनुसार वेगळे गुणक लावत, वरचे आकडे उश्यांशी आणि खालचे काकांच्या नळीशी ताडून पाहत, जेवण विसरून दीड वाजवला. नवा आकडा सकाळच्या निम्म्याहूनही कमी निघाला. बैठकीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने फक्त विचारलं, "सकाळी जास्त म्हणत होतात ना?" हो, म्हणत होते.

संध्याकाळी काका आले, नळी भिंतीला टेकवली, बूट बाहेर काढले. माझ्या टेबलावर त्यांनी त्यांची ओली वही ठेवली आणि म्हणाले, "उद्या वर खिंडीत जायचंय. तू चल."

मी बुटांचा नंबर सांगितला.