येझदीचा मरून, सोनेरी रेघ आणि आपला खिसा

काकांची १९७६ ची येझदी २५० मोटरसायकल माझ्याकडे आली तेव्हा इंजिन ठणठणीत होतं, पण अवतार बघवत नव्हता. मधल्या काळात कुणीतरी तिला ब्रशनेच काळा रंग फासला होता, अगदी टाकीच्या बाजूच्या क्रोमवरही. आरसी बुकात रंग मरून, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. दुसरा दिला असता तर आरटीओत नोंदीसाठी खेटे घालावे लागले असते.

पेंटिंगवाल्याने पंचवीस हजार सांगितले. त्यातले बरेचसे घासण्याच्या मजुरीचे. म्हटलं, घासाघीस माझी, फवारा तुमचा, असं केलं तर? तो हसला, "आणा तर खरं," म्हणाला आणि नऊ हजारांवर आला.

टू-स्ट्रोक गाडीची एक गंमत आहे. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं असतं, त्यामुळे झाकणाभोवती, सांध्यांत, वर्षानुवर्षं तेल मुरतं. ते आधी न काढता पॉलिश पेपर चालवला तर तेल ओरखड्यांत जाऊन बसतं आणि नंतर नव्या रंगाला देवीच्या व्रणांसारखे खळगे पडतात. म्हणून आधी टाकी पूर्ण रिकामी, मग साबणाचं पाणी, मग थिनरचा फडका, आणि मगच पेंट रिमूव्हर. उघडा पडलेला पत्रा पुण्याच्या दमट हवेत रात्रीतून नारिंगी होतो, तेव्हा तो त्याच दिवशी प्रायमरला न्यायचा.

प्रायमरनंतर पेंटरने शिकवलेली युक्ती मला सगळ्यात आवडली. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेल्या मडगार्डवर काळ्या स्प्रेचा अगदी विरळ फवारा मारायचा आणि पाण्यात भिजवलेला ४०० नंबरचा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून फिरवायचा. उंचवट्यावरचा काळा लगेच जातो, खड्ड्यातला तसाच राहतो. डोळ्याला सपाट दिसणारं माझं मडगार्ड ठिपक्याठिपक्यांचं निघालं! पुन्हा लांबी, पुन्हा पेपर.

अंतिम रंग टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पॉलियुरेथेन. साधा एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोजचा रंग, स्वस्त पडतो, पण पेट्रोल सांडलं की विरघळतो. टाकीवर तो मारणं म्हणजे पैसे पाण्यात. पीयूच्या हार्डनरची वाफ मात्र फुप्फुसांना घातक, नाकाला रुमाल बांधून भागत नाही. हे काम घरच्या गच्चीवर करू नये, असं माझं ठाम मत.

काळ्याखालचा क्रोम निघाला तो बारीक टिपक्यांचा. नव्या क्रोमचा भाव ऐकून विषय तिथेच सोडला. पाण्यात बुडवलेला अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा हलक्या हाताने घासला तर वरचा गंज जातो. टिपके राहिले, राहू देत. चंदेरी रंग मारलेली टाकी मला तरी नाटकातल्या तलवारीसारखी दिसते.

येझदी बनवणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला, त्यामुळे गाडीच्या नावाचे बिल्ले मिळतात ते नक्कल केलेले. नाना पेठेत पाहिले. पातळ पत्रा, अक्षरांच्या कडा बोथट. त्यापेक्षा जुनेच ठेवले. टूथब्रश आणि साबणाने धुतले, खोलगट भागात इंजेक्शनच्या सिरिंजने इनॅमल थेंबथेंब सोडला. जरा आळल्यावर जुन्या व्हिजिटिंग कार्डाला कापड ताणून बांधलं, त्याला थिनरचा नुसता वास लावला आणि उठावाच्या अक्षरांवरून एकदाच फिरवलं. कापड सैल असलं तर ते खोलात शिरून रंग उचलतं.

सोनेरी रेघेला स्टिकर लावायचा नाही, हे ठरलेलं होतं. नंबरप्लेट रंगवणाऱ्या काकांना गाठलं. पीयू पुरता कडक झाल्यावरच या, म्हणाले. म्हणजे रेघ हुकली तर टर्पेंटाइनने पुसता येते, खालच्या रंगाला धक्का लागत नाही. करंगळी टाकीवर टेकवून, लांब केसांच्या ब्रशने त्यांनी क्रोम आणि मरूनच्या सीमेवरून एका दमात रेघ ओढली. सातशे रुपये घेतले. अख्ख्या कामात सगळ्यात वसूल झालेले पैसे तेच.

बिल्ल्यांचा इनॅमल, लांबी, पेपर, सगळं धरून पंधरा हजारांच्या आत बसलं. दोन्ही सायलेन्सर अजून तसेच आहेत, बोनस झाला की बघू.