करवत घ्यायला धुळ्याला

नाशिकहून सकाळची एसटी धरली की चांदवड, मालेगाव करत दुपारच्या आत धुळ्यात पोचता येतं. हातकरवत घरबसल्याही मागवता येते, पण मूठ काही फोटोत हाताला लागत नाही. म्हणून गेलो. एप्रिल-मे मात्र टाळा. खान्देशातल्या उन्हात चार दुकानं पालथी घालणं हौसेचं काम नाही.

पाचकंदील, आग्रा रोडच्या जुन्या बाजारपेठेत फिरलो. एका दुकानदाराला किंमत विचारली, तर म्हणाला, "पहिले दात देखा भाऊ, मंग भाव इचारा." मला तो तिथेच आवडला.

तर आधी दात. लाकूड शिरेच्या, म्हणजे त्यातल्या तंतूंच्या, दिशेने उभं चिरायचं असेल तर इंचाला पाच-सहा मोठे, पटाशीसारख्या धारेचे दात लागतात. शिरेला आडवं कापायचं तर आठ ते बारा, आणि प्रत्येक दाताची कड चाकूसारखी तिरपी. एकच करवत घ्यायची असेल तर माझं मत बावीस इंची, आठ दाती, आडव्या कापाची. तिने उभं चिरता येतं, वेळ जास्त लागतो इतकंच.

दुकानदाराने एक करवत उलटी धरली आणि दातांवर शिवणाची सुई ठेवून करवतीचं टोक थोडं खाली केलं. दात एकाआड एक डावी-उजवीकडे कललेले असतात, त्यामुळे मधे बारीक पन्हळ तयार होते. सुई मुठीपासून टोकापर्यंत त्या पन्हळीतून घसरत गेली. दुसऱ्या करवतीवर ती मधेच बाहेर पडली. ती स्वस्त होती, आणि ती मी घेतली नाही. या कलामुळेच काप पात्यापेक्षा किंचित रुंद होतो आणि पातं अडकत नाही. ओल्या लाकडाला कल जास्त लागतो, वाळलेल्या सागाला कमी पुरतो.

पातं हलकेच वाकवून सोडा; ते सरळ झालं पाहिजे. मूठ धरताना तर्जनी पात्याच्या दिशेने सरळ आणि उरलेली तीन बोटं आत, अशी पकड बसते का पाहा. प्लास्टिकच्या मुठी बहुधा जाड हातांना आखूड पडतात.

काही करवतींच्या दातांची टोकं निळसर-काळी दिसतात, ते दात कडक केलेले असतात. धार खूप टिकते, पण गेली की गेली, कारण त्यांच्यावर कानस नुसती घसरते. प्लायवूडच्या कामाला अशा करवती बऱ्या. मी साध्या दातांची घेतली, कारण जवळच एक म्हातारे सुतारबाबा धार लावत बसले होते. करवत दोन फळ्यांत आवळून तिकोनी कानशीने आधी एका बाजूचे एकाआड दात, मग करवत फिरवून उरलेले. कानस फक्त पुढे जाताना दाबायची, मागे घेताना उचलायची. हे बघायला अर्धा तास द्याच.

घरून वाळलेल्या सागाचा एखादा तुकडा पिशवीत न्या. बहुतेक दुकानदार कापून बघू देतात. जो नाही म्हणतो, त्याच्याकडे घेऊ नका.

जेवायला शेवभाजी आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा.

परतताना एसटीत करवत उघडी नेऊ नका. पाण्याच्या पाइपचा तुकडा लांबीने चिरून दातांवर बसवा, पात्याला मशीनचं तेल पुसा आणि मूठ वर ठेवून सीटला टेकवा.